भारतातील चलनवाढ, व्याजदर आणि अर्थव्यवस्थेची वाटचाल : भार कोणावर?

सारांश :
भारतात २०१६ पासून ४ टक्के चलनवाढीचे लक्ष्य समोर ठेवून पतधोरण राबविले जात आहे. २०२० ते २०२५ या अवघ्या सहा वर्षांत ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित चलनवाढीचा दर ७.७९ टक्क्यांपर्यंत चढला आणि ०.२५ टक्क्यापर्यंत उतरला. याच काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला आणि पुन्हा ५.२५ टक्क्यांवर आला. प्रस्तुत लेखात या चढउतारांची कारणमीमांसा केली असून, अन्नधान्य व भाजीपाल्यातून उद्भवणाऱ्या भाववाढीपुढे व्याजदर या साधनाला कोणत्या मर्यादा पडतात याचे विवेचन केले आहे. चलनवाढ आटोक्यात आणण्याचा खर्च कर्जदार, ठेवीदार, शेतकरी व वेतनधारक यांच्यामध्ये विषम प्रमाणात वाटला जातो आणि अर्थव्यवस्थेच्या भवितव्याचा विचार करताना या वाटपाकडे दुर्लक्ष होते, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : चलनवाढ, रेपो दर, वास्तव व्याजदर, ग्राहक किंमत निर्देशांक, पतधोरण, आधार परिणाम.

प्रस्तावना :
पैशाच्या खरेदीशक्तीत होणारी सततची घट म्हणजे चलनवाढ, अशी सोपी व्याख्या आपण पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगतो. परंतु ही घट सर्वांच्या पैशाला सारखीच जाणवत नाही. ज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग दाणागोटा व भाजीपाल्यावर खर्च होतो, त्याची चलनवाढ वेगळी असते. ज्याचा खर्च औषधे, घरभाडे आणि मुलांच्या शिक्षणशुल्कावर होतो, त्याची वेगळी असते. वृत्तपत्रात छापून येणारा एकच आकडा ही या सर्वांची सरासरी असते. त्या सरासरीवरून व्याजदर ठरतात आणि त्या व्याजदराचे परिणाम मात्र प्रत्येकाला स्वतंत्रपणे भोगावे लागतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतातील किरकोळ चलनवाढीचा दर ०.२५ टक्के इतका नोंदविला गेला. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या मालिकेतील हा नीचांक होता. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये, हा दर ६.२१ टक्के होता. एवढ्या अल्पावधीत देशातील एकूण मागणी कोसळली नव्हती, उत्पादनही ठप्प झाले नव्हते. उलट जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या वाढीचा दर ८.२ टक्के असल्याचा अंदाज जाहीर झाला होता. मग चलनवाढ इतकी का उतरली? आणि ती उतरल्याचा लाभ नेमका कोणाला झाला? हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहेत.

उद्दिष्टे :
१. भारतातील चलनवाढीचे मापन व पतधोरणाची चौकट समजून घेणे.
२. २०२० ते २०२५ या काळातील रेपो दराच्या प्रवासाची कारणमीमांसा करणे.
३. अन्नघटकांतील भाववाढ व व्याजदर यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास करणे.
४. चलनवाढ व व्याजदर यांतील बदलांचा विविध समाजघटकांवर होणारा परिणाम तपासणे.
५. अर्थव्यवस्थेच्या पुढील वाटचालीच्या संदर्भात काही शिफारशी मांडणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा :
प्रस्तुत लेख दुय्यम सामग्रीवर आधारित असून वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. रिझर्व्ह बँक, केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय व शासनाचा आर्थिक पाहणी अहवाल यांतून प्रसिद्ध झालेली माहिती विचारात घेतली आहे. चलनवाढीची आकडेवारी २०२५ च्या अखेरपर्यंतची व २०१२ आधारवर्षाच्या मालिकेतील आहे. व्याजाचे परिणाम स्पष्ट करण्यासाठी दिलेली कर्ज व ठेवींची उदाहरणे काल्पनिक असून ती केवळ गणिती स्पष्टीकरणासाठी आहेत.

चलनवाढीचे मापन :
आपल्याकडे दीर्घकाळ घाऊक किंमत निर्देशांक हाच चलनवाढीचा प्रमुख मापदंड मानला जात असे. २०११-१२ आधारवर्षाच्या घाऊक मालिकेत कारखानदारी उत्पादनांचा भार ६४.२३ टक्के असून सेवांना त्यात स्थान नाही. सामान्य कुटुंब मात्र घाऊक बाजारात खरेदी करीत नाही आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग दवाखाना, शाळा, प्रवास अशा सेवांवर होतो. त्यामुळे ग्राहक किंमत निर्देशांक हाच कुटुंबाच्या राहणीमानाचा अधिक जवळचा निदर्शक ठरतो.

२०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेये या गटाचा भार ४५.८६ टक्के होता. त्यात तृणधान्यांचा भार ९.६७ टक्के, दूध व दुग्धजन्य पदार्थांचा ६.६१ टक्के आणि भाजीपाल्याचा ६.०४ टक्के होता. घरभाड्याचा भार १०.०७ टक्के, तर इंधन व दिवाबत्तीचा ६.८४ टक्के होता. हे भार २०११-१२ च्या उपभोग खर्च पाहणीवरून ठरविलेले होते. २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण कुटुंबांच्या खर्चातील अन्नाचा वाटा ४७.०४ टक्के आणि नागरी कुटुंबांच्या खर्चातील वाटा ३९.६८ टक्के आढळला. या नव्या पाहणीच्या आधारे २०२४ हे आधारवर्ष असलेली मालिका २०२६ च्या आरंभी प्रसृत झाली आणि तीत अन्नाचा भार पूर्वीपेक्षा कमी झाला. तथापि, ग्रामीण कुटुंबाचा निम्म्याजवळचा खर्च आजही अन्नावर होतो, ही वस्तुस्थिती बदललेली नाही.

चलनवाढीचा दर हा मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढला जातो. त्यामुळे 'आधार परिणाम' समजून घेणे अगत्याचे ठरते. एखाद्या भाजीचा भाव पहिल्या वर्षी १०० रुपये, दुसऱ्या वर्षी १४० रुपये आणि तिसऱ्या वर्षी ११० रुपये असेल, तर दुसऱ्या वर्षी चलनवाढ ४० टक्के आणि तिसऱ्या वर्षी उणे २१.४ टक्के दिसेल. परंतु तिसऱ्या वर्षीही ग्राहक पहिल्या वर्षापेक्षा १० रुपये अधिकच मोजत असतो. चलनवाढीचा दर उतरणे म्हणजे स्वस्ताई नव्हे. आकडा शून्याजवळ आला असताना गृहिणी मात्र महागाईची तक्रार करते, याचे रहस्य या साध्या गणितात दडलेले आहे.

पतधोरणाची चौकट :
१९८५ च्या चक्रवर्ती समितीच्या शिफारशींनुसार भारताने प्रथम पैशाच्या पुरवठ्यावर लक्ष केंद्रित केले. १९९८ पासून अनेक निर्देशकांचा एकत्रित विचार करण्याची पद्धत स्वीकारली गेली. २०१३ मध्ये किरकोळ चलनवाढ दोन अंकी झाल्यानंतर या पद्धतीच्या उणिवा ठळक झाल्या. जानेवारी २०१४ मध्ये डॉ. ऊर्जित पटेल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित चलनवाढ हेच पतधोरणाचे मध्यवर्ती लक्ष्य असावे, अशी शिफारस केली. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र शासन व रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला आणि २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक अधिनियमात दुरुस्ती होऊन या व्यवस्थेस वैधानिक अधिष्ठान लाभले.

या व्यवस्थेनुसार सहा सदस्यांची पतधोरण समिती व्याजदर ठरविते. त्यांपैकी तीन सदस्य रिझर्व्ह बँकेचे, तर तीन केंद्र शासनाने नियुक्त केलेले असतात. मते समसमान झाल्यास गव्हर्नरांचे निर्णायक मत ग्राह्य धरले जाते. चलनवाढीचे लक्ष्य ४ टक्के असून त्यात २ टक्के अधिक वा उणे अशी मुभा आहे. हे लक्ष्य दर पाच वर्षांनी ठरवावयाचे असते. २०१६ मध्ये निश्चित झालेले लक्ष्य २०२१ मध्ये पुढील पाच वर्षांसाठी कायम ठेवण्यात आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याच्या फेरविचारासाठी चर्चापत्र प्रसिद्ध केले.

सलग तीन तिमाहींत सरासरी चलनवाढ ६ टक्क्यांच्या वर किंवा २ टक्क्यांच्या खाली राहिल्यास ते लक्ष्यप्राप्तीतील अपयश समजले जाते आणि रिझर्व्ह बँकेला शासनाकडे लेखी कारणे द्यावी लागतात. २०२२ च्या पहिल्या तीन तिमाहींत चलनवाढ ६ टक्क्यांच्या वर राहिल्यामुळे असा प्रसंग प्रथमच आला. येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. कायद्याने केवळ वरची मर्यादा नव्हे, तर खालची मर्यादाही घालून दिली आहे. जुलै ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या दोन तिमाहींत सरासरी चलनवाढ २ टक्क्यांहून कमी होती. अतिशय कमी चलनवाढ ही देखील धोरणकर्त्यांनी उत्तर द्यावे अशी घटना आहे, हे या तरतुदीतून ध्वनित होते.

रेपो दराचा प्रवास :
बँकांना अल्पमुदतीसाठी सरकारी रोख्यांच्या तारणावर रिझर्व्ह बँक ज्या दराने पैसे देते, तो रेपो दर होय. कोविडच्या संकटात मार्च २०२० मध्ये हा दर ५.१५ टक्क्यांवरून ४.४० टक्के व मे २०२० मध्ये ४ टक्के करण्यात आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्धास प्रारंभ होऊन खनिज तेल, खाद्यतेल व गहू यांचे भाव भडकले. एप्रिल २०२२ मध्ये चलनवाढ ७.७९ टक्क्यांवर पोहोचली. त्यानंतर ४ मे २०२२ रोजी, नियोजित वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन, रेपो दर ४.४० टक्के करण्यात आला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो टप्प्याटप्प्याने ६.५० टक्क्यांपर्यंत नेण्यात आला आणि पुढे दोन वर्षे त्याच पातळीवर स्थिर राहिला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दरकपातीस प्रारंभ झाला. फेब्रुवारी व एप्रिलमध्ये प्रत्येकी पाव टक्का, जूनमध्ये अर्धा टक्का आणि डिसेंबरमध्ये पाव टक्का अशी एकूण सव्वा टक्क्याची कपात होऊन रेपो दर ५.२५ टक्क्यांवर आला. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या काळात रोख राखीव प्रमाणही चार हप्त्यांत ४ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणण्यात आले.

रेपो दरातील बदल कर्जदारापर्यंत पोहोचण्यास पूर्वी बराच विलंब होत असे. २०१० मधील आधारदर आणि २०१६ मधील निधीच्या सीमांत खर्चावर आधारलेला दर या दोन्ही पद्धतींत बँकांना बरीच मोकळीक होती. १ ऑक्टोबर २०१९ पासून किरकोळ व लघुउद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जे रेपोसारख्या बाह्य मापदंडाशी जोडणे बँकांना बंधनकारक झाले. त्यामुळे धोरणाचे संक्रमण वेगवान झाले. संक्रमण वेगवान होणे हे धोरणाच्या दृष्टीने यश असले, तरी कर्जदाराच्या दृष्टीने ते दुधारी असते.

ताटातील महागाई आणि व्याजदराची मर्यादा :
व्याजदर वाढविल्याने कर्ज महागते, घर-वाहनादींची मागणी मंदावते, उद्योजक गुंतवणूक लांबणीवर टाकतात आणि किमतींवरील दबाव ओसरतो, असा सैद्धान्तिक क्रम आहे. मागणीतून उद्भवलेल्या चलनवाढीस हा उपाय लागू पडतो. परंतु जुलै २०२३ मध्ये चलनवाढ ७.४४ टक्क्यांवर गेली, तेव्हा तिच्या मुळाशी टोमॅटो होता. त्या महिन्यात भाजीपाल्यातील भाववाढ ३७ टक्क्यांहून अधिक होती. ऑक्टोबर २०२४ मध्येही भाजीपाल्यातील भाववाढ ४२ टक्क्यांच्या वर होती. टोमॅटो वा कांदा कोणी गृहकर्ज काढून विकत घेत नाही. अवकाळी पावसाने पीक नासले, तर रेपो दर वाढवून ते परत येत नाही.

याउलट २०२५ मध्ये पाऊसमान समाधानकारक राहिले, उत्पादन वाढले आणि आदल्या वर्षाचे भाव चढे असल्याने आधार परिणामही अनुकूल ठरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नघटकांची चलनवाढ उणे ५.०२ टक्के होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरकपातीचाही त्यास हातभार लागला. तात्पर्य, चलनवाढ शिखरावर नेण्यात आणि तळाला आणण्यातही ताटातील पदार्थांचाच वाटा मोठा होता.

मग अन्नघटक वगळून लक्ष्य ठरवावे काय? २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात हा विचार मांडण्यात आला होता. अन्न व इंधन वगळून उरणारी 'गाभा चलनवाढ' २०२४ च्या मध्यास साडेतीन टक्क्यांहून कमी होती. तरीही अन्नघटकांमुळे एकूण चलनवाढ ४ टक्क्यांच्या वर राहिल्याने रेपो दर ६.५० टक्क्यांवरच होता. म्हणजे भाजीपाल्याच्या भावाची किंमत घरासाठी व लघुउद्योगासाठी कर्ज घेणाऱ्यांनी चढ्या व्याजाने मोजली, असा आक्षेप घेता येतो व तो निराधार नाही.

तथापि, या आक्षेपाची दुसरी बाजूही आहे. अन्नाची भाववाढ दीर्घकाळ टिकली तर मजूर अधिक मजुरी मागतो, खानावळ दर वाढविते, रिक्षाचे भाडे वाढते आणि भाजीपाल्यातून निघालेली ठिणगी सेवांपर्यंत पोहोचते. लोक भविष्यातील महागाईचा अंदाज बाजारातील भाजीच्या भावावरून बांधतात, गाभा चलनवाढीवरून नव्हे. म्हणून मध्यवर्ती बँक अन्नाच्या पहिल्या धक्क्याकडे दुर्लक्ष करू शकते, परंतु त्याचा प्रसार होऊ लागल्यास तिला स्वस्थ बसता येत नाही. शिवाय ज्या देशात ग्रामीण कुटुंबाचा ४७ टक्के खर्च अन्नावर होतो, तेथे अन्न वगळलेले लक्ष्य हे त्या कुटुंबालाच वगळलेले लक्ष्य ठरेल. प्रस्तुत लेखकाच्या मते एकूण चलनवाढ हेच लक्ष्य कायम असावे. मात्र, ते गाठण्याची सारी जबाबदारी व्याजदरावर टाकणे हे साधनाच्या कुवतीपलीकडचे आहे.

भार कोणावर? :

(अ) कर्जदार : वीस वर्षे मुदतीच्या ३० लाख रुपयांच्या गृहकर्जावर ७ टक्के व्याजदर असल्यास मासिक हप्ता सुमारे २३,२५९ रुपये येतो. रेपो दरातील अडीच टक्क्यांची वाढ जशीच्या तशी लागू होऊन व्याजदर ९.५० टक्के झाल्यास हप्ता सुमारे २७,९६४ रुपये होतो, म्हणजे दरमहा सुमारे ४,७०५ रुपयांची वाढ होते. हप्ता न वाढविता केवळ मुदत वाढवावी म्हटले, तर पहिल्या महिन्याचे व्याजच २३,७५० रुपये होते. जुना हप्ता त्या व्याजालाही पुरत नाही आणि कर्ज फिटण्याऐवजी वाढत जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ता, मुदत वा स्थिर दर यांची निवड करण्याची संधी कर्जदारास देण्याचे व अशी मुद्दलवाढ टाळण्याचे निर्देश बँकांना दिले, त्याची पार्श्वभूमी हीच आहे.

(आ) ठेवीदार : आयर्व्हिंग फिशर यांनी स्पष्ट केल्याप्रमाणे नाममात्र व्याजदरातून चलनवाढ वजा केली असता वास्तव व्याजदर मिळतो. २०२०-२१ मध्ये सरासरी चलनवाढ ६.२ टक्के होती, तर मोठ्या बँकांच्या एक वर्षावरील मुदत ठेवींचे दर साडेपाच टक्क्यांपर्यंतच होते. २० लाख रुपयांची ठेव असलेल्या सेवानिवृत्तास साडेपाच टक्क्यांनी वर्षाकाठी १,१०,००० रुपये व्याज मिळाले. परंतु मुद्दलाची खरेदीशक्ती राखण्यासाठीच १,२४,००० रुपयांची गरज होती. व्याजाचा एक पैसाही खर्च न करता तो १४,००० रुपयांनी मागे पडला. जो व्याजावरच घर चालवीत होता, तो नकळत मुद्दल खात होता.

२०२५ मध्ये चित्र उलटे झाले. चलनवाढ उतरल्याने वास्तव व्याजदर वाढला, परंतु नूतनीकरणाच्या वेळी ठेवीचा दर ७ टक्क्यांवरून ६.२५ टक्के झाल्यास त्याच २० लाखांवरील वार्षिक व्याज १,४०,००० वरून १,२५,००० रुपयांवर येते. सिद्धान्ताप्रमाणे त्याचा फायदा झालेला असतो. व्यवहारात मात्र वृद्धाच्या खर्चात भाजीपाल्यापेक्षा औषधोपचार व घरकामाच्या मदतनिसाचे वेतन यांचा वाटा मोठा असतो आणि हे खर्च उणे पाच टक्क्यांनी घटलेले नसतात. सरासरी आकडा आणि व्यक्तिगत अनुभव यांतील दरी येथे स्पष्ट दिसते.

(इ) शेतकरी : पीककर्जाचा दर रेपोसोबत फारसा हलत नाही. तीन लाखांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीककर्ज व्याज सवलतीमुळे ७ टक्क्यांनी व वेळेवर परतफेड केल्यास ४ टक्क्यांनी मिळते. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेवर परतफेड करणाऱ्यास ते शून्य टक्क्याने पडते. सावकाराचा दर तर पतधोरण समितीच्या कक्षेतच येत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार शेतकरी कुटुंबांच्या थकीत कर्जापैकी सुमारे ७० टक्केच संस्थात्मक स्रोतांचे होते. म्हणजे शेतकऱ्यावर होणारा परिणाम व्याजदरातून नव्हे, तर भावातून होतो.

या संदर्भात कांद्याचे उदाहरण बोलके आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावण्यात आले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली. ती मे २०२४ मध्ये ४० टक्के शुल्क व किमान निर्यातमूल्याच्या अटींसह उठली. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के झाले व १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्णतः रद्द झाले. गव्हाची निर्यात मे २०२२ मध्ये आणि बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात जुलै २०२३ मध्ये रोखण्यात आली होती. या उपायांनी नागरी ग्राहकास दिलासा मिळाला असेल, परंतु लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या उत्पादकाच्या दृष्टीने तो भाव पाडण्याचाच उपाय होता. भाव कोसळतात तेव्हा मात्र तितक्याच तत्परतेने आधार मिळत नाही. ०.२५ टक्के चलनवाढीच्या आकड्यात शेतकऱ्याच्या घटलेल्या उत्पन्नाचाही अंश आहे, हे विसरता कामा नये.

(ई) वेतनधारक : आपल्या प्राध्यापक-कक्षातच याचे दोन नमुने शेजारी बसलेले असतात. नियमित प्राध्यापकाचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी निगडित असल्याने त्यास विलंबाने का होईना, भरपाई मिळते. कोविडकाळात केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या भत्त्याचे तीन हप्ते गोठविण्यात आले. १ जुलै २०२१ पासून दर १७ टक्क्यांवरून २८ टक्के झाला, परंतु मधल्या काळाची थकबाकी मिळाली नाही. एवढा अपवाद वगळता हे कवच टिकून आहे. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याचे मानधन मात्र कोणत्याही निर्देशांकाशी जोडलेले नाही. त्याच्या मानधनात वाढ शासननिर्णय निघेल तेव्हाच होते. दोघे एकाच बाजारात भाजी घेतात. पण एकाची चलनवाढ अंशतः शासन सोसते आणि दुसऱ्याची तो स्वतःच सोसतो. देशातील असंघटित कामगारांचे प्रचंड बहुमत या दुसऱ्या प्रकारात मोडते.

याशिवाय, राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत असलेल्या तरुण प्राध्यापकांसाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. या प्रणालीत संचित रकमेचा ठरावीक भाग वर्षासनात गुंतवावा लागतो आणि त्यावर मिळणारी रक्कम त्या वेळच्या व्याजदरावर अवलंबून असते. त्यामुळे व्याजदराचा प्रश्न केवळ आजच्या हप्त्याचा नसून पुढील तीस वर्षांचाही आहे.

अर्थव्यवस्थेची पुढील वाटचाल :
डिसेंबर २०२५ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने २०२५-२६ साठी ७.३ टक्के वाढीचा व सरासरी २ टक्के चलनवाढीचा अंदाज वर्तविला होता. २०२६-२७ च्या पहिल्या दोन तिमाहींत चलनवाढ पुन्हा ४ टक्क्यांच्या आसपास जाईल, असेही त्यात म्हटले होते. उच्च वाढ व अत्यल्प चलनवाढ असा हा दुर्मीळ योग होता. परंतु तो कायमस्वरूपी मानून चालणार नाही, याची पुढील कारणे संभवतात.

पहिले कारण आधार परिणामाचे आहे. ज्या महिन्यांत निर्देशांक असाधारण खाली होता, त्या महिन्यांशी पुढील वर्षी तुलना होईल तेव्हा भाव केवळ पूर्वपातळीवर आले तरी चलनवाढ वाढलेली दिसेल. तिला नवी महागाई समजून घाईने व्याजदर वाढविणे चुकीचे ठरेल.

दुसरे कारण बाह्य आहे. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करतो. डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरचा भाव प्रथमच ९० रुपयांच्या वर गेला. रुपयाची घसरण व तेलाची भाववाढ एकाच वेळी झाल्यास वाहतुकीपासून खतापर्यंत सर्वत्र खर्च वाढतो. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर लावलेल्या ५० टक्के आयातशुल्काने निर्यातीवर विसंबून राहण्यातील जोखीमही दाखवून दिली.

तिसरे कारण वास्तव व्याजदराच्या मोजणीशी निगडित आहे. ऑक्टोबर २०२५ मधील ५.५० टक्के रेपो दरातून ०.२५ टक्के चलनवाढ वजा केल्यास वास्तव दर ५.२५ टक्के येतो व धोरण अतिशय कठोर वाटते. परंतु पुढील वर्षाच्या ४ टक्के अपेक्षित चलनवाढीच्या हिशेबाने तोच दर दीड टक्का येतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२४ च्या मासिक पत्रिकेतील अभ्यासात तटस्थ वास्तव व्याजदर १.४ ते १.९ टक्क्यांच्या दरम्यान अंदाजिला होता. त्या निकषावर दीड टक्का हा फारसा कठोर नाही. म्हणून आणखी मोठ्या कपातीची अपेक्षा बाळगणे धाडसाचे ठरते.

चौथे कारण सार्वजनिक वित्तव्यवस्थेचे आहे. कराचे उत्पन्न चालू किमतींतील राष्ट्रीय उत्पन्नावर अवलंबून असते. चलनवाढ फारच कमी झाल्यास वास्तव वाढ चांगली असूनही करसंकलन मंदावते आणि कर्जाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले प्रमाण घटविणे अवघड होते. चलनवाढीला खालची मर्यादा का असावी, याचे हे एक व्यावहारिक उत्तर आहे.

निष्कर्ष :
१. २०२२ ते २०२५ या काळातील चलनवाढीच्या चढउतारांत अन्नघटकांचा, विशेषतः भाजीपाल्याचा, वाटा निर्णायक होता. व्याजदराने भाववाढीचा प्रसार रोखता येतो, तिचा उगम रोखता येत नाही.
२. बाह्य मापदंडामुळे व्याजदराचे संक्रमण वेगवान झाले असले, तरी सावकारी कर्ज व सवलतीचे पीककर्ज त्याच्या कक्षेबाहेर राहते.
३. चलनवाढ नियंत्रणाचा खर्च कर्जदार व्याजातून, ठेवीदार ऋण वास्तव परताव्यातून, शेतकरी निर्यातनिर्बंधांतून आणि निर्देशांकाशी न जोडलेला कष्टकरी घटलेल्या खरेदीशक्तीतून देतो.
४. शून्याजवळची चलनवाढ ही निर्भेळ आनंदवार्ता नाही. ती कोणाच्या उत्पन्नातून आली, हे तपासणे आवश्यक आहे.

शिफारशी :
१. एकूण चलनवाढीचे ४ टक्क्यांचे लक्ष्य हा मध्यवर्ती बिंदू कायम ठेवावा. मात्र, पुरवठ्याच्या बाजूने शासनाने कोणती पावले उचलली याचा स्वतंत्र अहवालही नियमितपणे प्रसिद्ध व्हावा, म्हणजे जबाबदारी एकट्या मध्यवर्ती बँकेवर राहणार नाही.
२. कांदा, टोमॅटो व बटाटा यांची साठवण, शीतगृहे व प्रक्रिया यांत गुंतवणूक वाढवावी. साठवणुकीवरील खर्च हा दीर्घकाळात व्याजदरवाढीपेक्षा स्वस्त उपाय आहे.
३. निर्यातविषयक निर्णय हंगामाच्या मध्यावर अचानक न घेता पूर्वघोषित निकषांनुसार घ्यावेत.
४. तासिका तत्त्वावरील व कंत्राटी कर्मचाऱ्यांचे मानधन ठरावीक कालावधीने निर्देशांकाशी जुळवून घेण्याची तरतूद करावी.
५. महाविद्यालयीन स्तरावर वास्तव व्याजदर, आधार परिणाम व कर्जहप्त्याचे गणित या घटकांचा वित्तीय साक्षरतेच्या अभ्यासक्रमात समावेश करावा. विद्यार्थी उद्याचा कर्जदार आणि ठेवीदार असतो. त्याला चलनवाढीची व्याख्या पाठ असण्यापेक्षा स्वतःच्या ताटातील व पासबुकातील चलनवाढ मोजता येणे अधिक अगत्याचे आहे.